बिल्ला आढळून आला नाही

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, आणि वाटली नाही तर सांगणाऱ्याचं काही बिघडत नाही, असं म्हणूनच त्याने सुरुवात केली. बागेतल्या त्या लांब बाकावर रोज संध्याकाळी पाच म्हातारे बसतात. एक सांगतो, चौघे ऐकतात. सांगणाऱ्याची ख्याती अशी की तो ‘आज ऊन आहे’ म्हणाला तरी ऐकणारे एकदा वर बघून खात्री करून घेतात. ह्याच बाकावर त्याने स्वतःच्या घोरण्याने जागा होऊन शेजाऱ्याशी भांडायला जाणारा मामा सांगितला होता, आणि एकच छत्री सात वेळा हरवून आठ वेळा सापडलेली आत्याही. त्यामुळे आज त्याने अहवाल लिहिणाऱ्या एका कारकुनाची गोष्ट काढली तेव्हा चौघे सैलावून बसले. चौघांतला टोकाचा कधी बोलत नाही. डावा हात नेहमी खिशात, आणि उजव्या हाताने दर थोड्या वेळाने तो दुसऱ्या खिशातली घराची किल्ली चाचपून बघतो. त्याने आताही ती चाचपली आणि समोरच्या हिरवळीकडे बघत बसला.

तर त्या कारकुनाला सगळे आलेराव म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. हा माणूस जे लिही त्याचा शेवट ‘करण्यात आले’, ‘कळविण्यात आले’, ‘हलविण्यात आले’ असा होई, म्हणून आलेराव. बारा मजली इमारत, पाच लिफ्ट, त्या सांभाळणारे चौदा मिस्त्री, आणि त्यांचं सगळं बरंवाईट कागदावर उतरवणारा हा एक. काय हात होता म्हणून सांगू. एकदा तळघरात कागदांच्या गठ्ठ्याला आग लागली, तर त्याने अहवाल असा लिहिला की वाचणाऱ्याला वाटावं, आग स्वतःच्या पायांनी आली, थोडा वेळ बसली आणि जाताना दार ओढून घेऊन गेली. दुसऱ्यांदा एका साहेबाने रागाच्या भरात टेलिफोन भिंतीवर फेकला. आलेरावाने लिहिलं, ‘टेलिफोन भिंतीच्या संपर्कात आला.’ साहेबाने ते वाचून त्याच्यासाठी चहा मागवला. ही विद्या त्याला जुन्या हेडक्लार्कने दिली. तो तपकीर ओढता ओढता सांगायचा, ‘बाळ, वाक्यात माणूस घेतलास की त्याच्या मागोमाग वकील येतो. माणूस बाहेर ठेव, वाक्य आतून कडी लावून घेतं.’ आलेरावाने ते गाठीला बांधलं. आणि तो काही अगदीच ढ नव्हता, कुठे माणूस लागतो आणि कुठे नाही हे त्याला कळायचं. ‘रस्ता दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आला आहे,’ इथे बंद कुणी ठेवला ह्याच्याशी चालणाऱ्याला काय करायचं आहे? ‘जखमीला दवाखान्यात नेण्यात आले,’ इथे जखमी मोठा, नेणारे लहान, त्यांना वाक्यात दाटीवाटीने बसवायचं कशाला? असं तो म्हणायचा, आणि त्यात चूक काही नव्हतं. फक्त हळूहळू त्याचं घरातलं बोलणंही तसंच होत गेलं. बायको म्हणायची, ‘दूध उतू गेलं हे मला दिसतंय. गॅसपाशी उभं कोण होतं ते बोला.’ तो हसायचा. हसण्यावर नेण्यात यायचं.

आता बिल्ल्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिस्त्रीला लिफ्टच्या तळाशी, त्या काळोख्या खड्ड्यात उतरायचं असलं की तो आधी तळघरातल्या मीटररूममध्ये जाऊन त्या लिफ्टचा मोठा स्विच पाडायचा आणि स्विचच्या दांड्याला स्वतःच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला तारेने अडकवायचा. बिल्ला आहे म्हणजे खाली माणूस आहे. आणि नियम एकच, भिंतीवर लाल रंगात लिहिलेला: ज्याने लावला त्यानेच काढायचा. साहेब आला तरी नाही, देव आला तरी नाही. पण नियम लाल रंगात असला तरी माणसं घामाची असतात. काम उरकून वर आलेला मिस्त्री स्विच चढवायचा आणि बिल्ला तसाच दांड्याला लोंबकळत ठेवून घरी जायचा. कधी स्विच चढवायचंही विसरायचा. आठवड्यातून एकदोनदा हे ठरलेलं. संध्याकाळी वर ऑफिसातल्या फळीवरच्या चौदा खिळ्यांवर चौदा बिल्ले दिसले पाहिजेत आणि रजिस्टरात तशी नोंद पडली पाहिजे, ते काम आलेरावाचं. मग एखादा कमी असला की कोण विसरलंय हे विचारत बसण्यापेक्षा तो स्वतःच खाली जाऊन घेऊन यायचा. सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्री सकाळी फळीवर आपला बिल्ला बघून म्हणायचे, ‘आला बघा, आलेरावांच्या पावलांनी आला.’ अकरा वर्षं हे चाललं आणि अकरा वर्षांत एकदाही खड्ड्यात कुणी नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या बसमध्ये चढला. कंडक्टरने हात पुढे केला, ह्याने कोटाच्या खिशातून नाणं काढून त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघू लागला. कंडक्टर तसाच उभा. ‘काका, हे आमच्याकडे चालत नाही.’ त्याने वळून बघितलं तर कंडक्टरच्या हातात पत्र्याचा गोल तुकडा, वर कोरलेला सात आणि भोकात अडकलेली छोटी तार. मागच्या बाकावरचा कुणीतरी हसला. आलेरावाने बिल्ला परत घेतला, खरं नाणं दिलं, तिकीट घेतलं, आणि त्याला एवढंच वाटलं की काल फळीवर अडकवायचा राहिला वाटतं. बोटांना पत्रा गार लागला. तिकीट आणि बिल्ला एकाच मुठीत धरून तो पुढचे चार थांबे उभा होता, आणि का कुणास ठाऊक, त्याला सारखं वाटत होतं की आपण घरातून निघताना काहीतरी उघडं ठेवलंय. नळ, खिडकी, कपाट. एकेक खोली त्याने मनात फिरून बघितली. सगळं बंद होतं.

गेटवरच्या वॉचमनने सलाम केला नाही. तो म्हणाला, ‘कळलं का, आलेराव? तीन नंबरच्या खड्ड्यात सात नंबर मिस्त्रीचा हात गेला. काल पावणेसहाला.’

मूठ खिशात गेली ती तिथेच राहिली. जिन्याच्या सत्तावीस पायऱ्या त्याने खिशात मूठ ठेवूनच चढल्या, आणि प्रत्येक पायरीवर कालची संध्याकाळ थोडी थोडी खाली उतरत राहिली. साडेपाचला त्याने रजिस्टर लिहिलं होतं, ‘परत आलेले बिल्ले: चौदा’. फळीवर तेरा होते. आधी लिहायचं आणि मग आणायचं ही त्याची सवय, कारण शाई वाळेपर्यंत माणूस खाली जाऊन वर येतो. मग तो मीटररूममध्ये गेला. वीज एकसुरी गुणगुणत होती. तीन नंबरचा स्विच पाडलेला, दांड्याला सात. तो मनात म्हणाला, हा पण विसरला, स्विच चढवायचंही विसरला. आणि मग त्याने हाक मारली होती का? खड्ड्याच्या बाजूच्या झडपेपाशी वाकून ‘कोण आहे रे’ असं म्हटलं होतं का? आता जिन्यावर त्याला स्वतःचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू येत होता, भिंतींवर आपटून परत येणारा. पण तो कालचा आवाज होता की आत्ता, दहाव्या आणि अकराव्या पायरीच्या मध्ये, त्याने कालच्या दिवसात नेऊन ठेवलेला? बिल्ला निघताना तारेचा बारीक खरडल्यासारखा आवाज झाला, तो खरा होता. त्यात शंका नव्हती. मग बस चुकेल म्हणून तो वर फळीपर्यंत गेला नाही, बिल्ला खिशात टाकून तळघराच्याच दाराने बाहेर पडला. पाच मिनिटांनी लिफ्टवाला आला असेल. स्विच पडलेला, बिल्ला नाही. म्हणजे खाली कुणी नाही. त्याने दांडा वर केला. त्याने नियमाप्रमाणेच केलं.

‘थांब जरा,’ बाकावरचा एकजण मध्येच म्हणाला. ‘त्या कारकुनाच्या पोटात काय चाललं होतं, ते तुला रे कसं ठाऊक?’

‘माझ्या शेजारी राहायचा,’ सांगणारा म्हणाला. ‘भिंत पातळ होती.’

तिघे हसले. टोकाच्याने किल्ली चाचपली.

साहेब खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते. वाईट माणूस नव्हे, फक्त घाबरलेला. ‘आलेराव,’ ते म्हणाले, ‘पाचपर्यंत अहवाल पाहिजे. वरून फोन आलाय. दोन पानं, जास्त नको. त्याचा जबाब घेऊन या, आणि लिहा आपलं नेहमीसारखं.’ ‘नेहमीसारखं’ म्हणताना त्यांनी हवेत हात असा फिरवला, जसा कुणी टेबलावरचा चुरा झाडतं. आलेराव म्हणाला, ‘बरं साहेब.’ तिथे, त्या क्षणी, खिशातली मूठ काढून टेबलावर उघडली असती तर गोष्ट दोन मिनिटांत संपली असती. पण मूठ एक गोष्ट आणि जीभ दुसरी. शिवाय त्याला खरोखरच वाटलं की हे आपण तोंडाने बोलणं बरोबर नाही, आपलं काम लिहायचं आहे, ते कागदावरच यावं, रीतसर. माणूस स्वतःला किती सभ्यपणे फसवतो बघा.

दवाखान्यात लांब खोलीत बारा खाटा. सात नंबरचा मिस्त्री खिडकीजवळच्या खाटेवर, डाव्या हाताचं पांढरं गाठोडं उशीवर वेगळं ठेवल्यासारखं. ते त्याचं नाहीच, कुणीतरी सांभाळायला दिलंय, असं. तारेचा दोर आणि खालचं चाक ह्यांच्या मध्ये हात आला होता. तीन बोटं गेली. त्याची बायको स्टुलावर बसली होती. आलेरावाला बघून तिने स्टूल पुढे केलं आणि स्वतः खाटेच्या लोखंडी कडेला टेकली.

‘भावजी, एक विचारू?’ ती म्हणाली. ‘ह्यांना वर काढलं कुणी?’

आलेरावाला कळलं नाही.

‘म्हणजे खड्ड्यातून. कुणीतरी आत उतरलं असेल ना, खांद्यावर घेतलं असेल. ह्यांना शुद्ध नव्हती. मी सगळ्यांना विचारते, तर सगळे म्हणतात, काढलं हो वर, आणलं हो इथं. अहो पण कुणी? मला त्यांच्या घरी जाऊन पाया पडायचंय.’

आलेरावाने कागद उलटला. सकाळीच वर येऊन त्याने सवयीने पहिली दोन वाक्यं लिहून ठेवली होती. ‘जखमीस तातडीने बाहेर काढण्यात आले. जखमीस दवाखान्यात हलविण्यात आले.’ त्याने ती वाक्यं बघितली. जखमी मोठा, नेणारे लहान. अकरा वर्षं त्याला वाटत होतं की ह्या वाक्यात माणूस नसला तर कुणाचं काही जात नाही. आता त्या बाईचे डोळे कागदावरून असे फिरत होते जसं कुणी गर्दीत ओळखीचं तोंड शोधतं, आणि कागदावर कुणीच नव्हतं. सगळी वाक्यं स्वच्छ झाडलेल्या खोल्यांसारखी रिकामी होती. ‘विचारून सांगतो, वहिनी,’ तो म्हणाला.

‘असू दे ग,’ मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता, पण ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू होतं. ‘आलेराव, तुम्ही स्वतः आलात. म्हणजे प्रकरण मोठं दिसतंय.’

‘जबाब घ्यायचा आहे.’

‘घ्या. काय सांगू? स्प्रिंगला ग्रीस लावायचं होतं. डबा संपत आला म्हणून रेंगाळलो.’ मग बायकोकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, ‘एक सांगा. तुम्ही फळी बघता रोज. काल माझा बिल्ला खिळ्यावरच होता का?’

बाहेर व्हरांड्यातून चाकाच्या गाडीचा आवाज गेला. आलेराव म्हणाला, ‘का?’

‘लिफ्टवाला शपथेवर सांगतो, स्विचवर बिल्ला नव्हता. तो खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणजे मी लावलाच नाही. रात्रभर आठवतोय. स्विच पाडला ते आठवतं. तार दांड्याला अडकवली ते आठवतं, ती नखाला टोचली तेसुद्धा आठवतं. पण ते कालचं आठवतंय की परवाचं? रोज तेच करतो ना मी. सोळा वर्षं. कालचा दिवस वेगळा कसा काढू त्यातून?’ त्याने उजवा हात उचलून डोळ्यांवर ठेवला. ‘लावला नसेल. लावला असता तर असता तिथे. बिल्ल्याला काय पाय फुटतात?’

‘रात्रीपासून हेच,’ बायको म्हणाली. ‘मला विचारतात, घराला कुलूप लावलंस का. किल्ली दाखवली तरी पुन्हा विचारतात.’

‘तुम्ही लिहाल ते खरं, आलेराव,’ मिस्त्री म्हणाला. ‘माझ्या डोक्याचा भरवसा नाही आता. तुमचं अक्षर खरं.’

आणि इथे त्या कारकुनाच्या खिशात, मांडीला टेकून, तो बिल्ला होता. खिसा आणि खाट ह्यांत एक वीतभर अंतर. नुसता काढून त्या चांगल्या हातावर ठेवला असता तर त्या माणसाला त्याची कालची संध्याकाळ परत मिळाली असती. बोटं नाही, पण संध्याकाळ. आलेरावाने जबाब लिहिला. लिहिताना मान खाली घालता येते, हा लिहिण्याचा मोठा फायदा. ‘बिल्ला लावल्याचे निश्चित स्मरत नाही.’ मिस्त्रीने उजव्या हाताने सही केली, आणि सही करताना कागद धरायला दुसरा हात नाही हे लक्षात येऊन जरा थांबला. कागद आलेरावाने धरला.

परतताना तो बसने गेला नाही. उन्हातून चालत निघाला, दुकानांच्या काचांमध्ये स्वतःला बघत, आणि एका चष्म्याच्या दुकानापाशी उभा राहिला. काचेमागे फ्रेमा रांगेने मांडलेल्या, डोळे नसलेल्या. तो सात वर्षांचा असताना वडिलांच्या चष्म्यावर बसला होता. खुर्चीवर ठेवलेला, वर्तमानपत्राखाली. बसल्याबरोबर आवाज झाला, बारीक, आतल्या आत. तो उठला, वर्तमानपत्र पुन्हा नीट घातलं आणि अंगणात गेला. वडील आले तेव्हा तोच पुढे होऊन म्हणाला, ‘बाबा, चष्मा फुटला.’ खोटं नव्हतं त्यात. चष्मा फुटलाच होता. वडिलांनी खोलीभर बघितलं. खोलीत ताई झाडत होती, हातात झाडू, खुर्चीच्या जवळ. त्यांनी तिला एकही शब्द विचारला नाही. ताईचा गाल लाल झाला आणि तिने ह्याच्याकडे बघितलं, रागाने नाही, काहीतरी विचारल्यासारखं. नंतर कितीतरी वर्षं ती झाडायच्या आधी खुर्च्यांवरच्या वस्तू उचलून ठेवायची. लग्न होऊन गेली तरी, परक्या घरातसुद्धा. मरायच्या आदल्या वर्षी ती त्याला म्हणाली होती, ‘मी लहानपणी फार धांदरट होते रे. बाबांचा चष्मा फोडला होता मी.’ ती हे हसत म्हणाली. आलेराव तेव्हाही काही बोलला नाही, कारण चाळीस वर्षांपूर्वीच्या चष्म्याचं काय घेऊन बसायचं. पण आता दुकानासमोर उभं राहून त्याला कळलं की आपण तेव्हा खोटं बोललो नव्हतो, नुसती एक जागा रिकामी ठेवली होती. आणि रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाही. जो जवळ उभा असतो त्याला ती आत ओढून घेते.

तीन वाजता तो टेबलाशी बसला. कागद घेतला, कार्बन घातला, टोक काढलेली पेन्सिल, मग पेन. मधल्या वाक्यापाशी येऊन थांबला. ‘मुख्य स्विचवर बिल्ला आढळून आला नाही.’ किती सुरेख वाक्य. ह्यातलं एकही अक्षर खोटं नाही. लिफ्टवाल्याला तो आढळला नव्हता, चौकशीत तो आढळला नव्हता, आणि ज्याच्या खिशात होता त्याला कुणी विचारलं नव्हतं. कोर्टात उभं केलं तरी हे वाक्य पापणी हलवणार नाही. हेडक्लार्क असता तर त्याने तपकिरीची चिमूट पुढे केली असती. आणि हेच वाक्य खाटेवरच्या त्या माणसाला घेऊन खड्ड्यात जाईल आणि वरून झाकण लावेल. त्याने ते खोडलं. दुसरं लिहिलं, ‘स्विचवरील बिल्ला अपघातापूर्वी काढण्यात आला होता.’ हे जरा बरं. ह्यात निदान एवढं येत होतं की बिल्ला होता, लावलेला होता, आणि कुणाचा तरी हात तिथे गेला. दार किलकिलं. पण किलकिल्या दारातून साहेब लगेच विचारणार, कुणी काढला, आणि मग सगळे लिफ्टवाल्याकडे बघणार, कारण तो जवळ उभा होता. त्याच्याही हातात झाडू होताच. आलेरावाने तेही खोडलं. मग त्याने मान वर केली. टाइपिस्टबाई ओळीच्या शेवटी घंटी वाजली की टाइपरायटरची गाडी मागे सरकवत होत्या. खिडकीतून दिसणाऱ्या गच्चीवर एक बाई वाळलेल्या चादरी काढत होती. चादर काढली की मागे दुसरी, ती काढली की तिसरी, आणि शेवटची काढल्यावर मागे आपण स्वतः बसलेले दिसू असं त्याला वाटलं.

आणि मग, म्हणजे इथेच कुणाचा विश्वास बसणार नाही, त्याने लिहिलं. ‘बिल्ला मिस्त्रीने लावला होता. तो मी काढला.’ पेन टेकवलं मात्र, आणि पाचही लिफ्ट होत्या त्या मजल्यावर थांबल्या. टाइपिस्टबाईंची घंटी वाजेना. शाई वाळेना. ‘मी’ ह्या अक्षरापाशी कागदाला असा फुगवटा आला, जसा दुधावर साय धरताना येतो. आलेराव उठला आणि अहवाल घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, अकरा वेळा वाचला, आणि म्हणाले, ‘आलेराव, ह्यात माणूस आहे.’ हा म्हणाला, ‘हो साहेब, आहे.’ साहेबांनी लाल पेन्सिल उचलली. पेन्सिल मोडली. दुसरी उचलली, तीही मोडली. मग त्यांनी नुसती सही केली आणि उठून उभे राहिले, कारकुनासमोर, बारा मजली इमारतीचे साहेब. आलेरावाने त्याच पावली दवाखाना गाठला. जाताना त्याने मिस्त्रीला खड्ड्यातून काढणाऱ्या दोघांची नावं विचारून घेतली होती, ती त्या बाईला दिली. बिल्ला मिस्त्रीच्या उजव्या हातावर ठेवला, अहवालाची प्रत उशीवर ठेवली. मिस्त्रीने ती वाचली. बिल्ला मुठीत घेऊन तो असा झोपला की परिचारिकेला त्याला चहासाठी उठवायचं धैर्य झालं नाही. त्यानंतर त्याने आयुष्यात कधी कुलूप लावलं का म्हणून विचारलं नाही. आणि आलेरावाला...

‘खोटं.’

टोकाचा बोलला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. आवाज मोठा नव्हता, पण तिघांच्या माना एकदम वळल्या.

‘गोष्ट आहे रे,’ शेजारचा समजुतीने म्हणाला. ‘खोटी असायचीच. मागच्या आठवड्यात त्या आत्याची छत्री...’

‘अहवालाचं म्हणतोय मी,’ टोकाचा म्हणाला. ‘प्रत माझ्याकडे आहे. कपाटात, वरच्या कप्प्यात. दुसरं पान, वरून चौथी ओळ. मुख्य स्विचवर बिल्ला आढळून आला नाही. बावीस वर्षं पाठ आहे मला. दवाखान्यात पुन्हा कुणी आलं नाही. नावंही कुणी दिली नाहीत. बायको गेली, तोवर विचारत होती.’ त्याने डावा हात खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला. हातावर अंगठा होता आणि करंगळी होती. ‘लिहिलं नाहीत तुम्ही, आलेराव.’

ह्या नावाने त्या बाकावर सांगणाऱ्याला कुणी कधी हाक मारली नव्हती. तिघे त्याच्याकडे बघत होते, आणि तो स्वतःच्या बुटांकडे. हिरवळीवरचा पाण्याचा फवारा एक फेरा मारून गेला, दुसरा मारून गेला.

‘ते जाऊ दे,’ टोकाचा म्हणाला. त्याचा उजवा हात सवयीने किल्लीकडे निघाला होता, तो वाटेत थांबला. ‘ती तार. नखाला टोचली होती ती. ती त्याच दिवसाची ना? म्हणजे लावला होता ना मी?’

सांगणाऱ्याने मान हलवली.

‘मान नका हलवू,’ मिस्त्री म्हणाला. ‘बोला. पूर्ण वाक्य. कुणी काढला ते धरून.’